टाचेच्या भेगा आणि युरियाचे पोते



वेचणीच्या दिवसांतली तालुक्याची बैठक होती. कापसाच्या भावावर बोलून झाले. खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या नावाने होणाऱ्या कपातीवर बोलून झाले. चहा यायला वेळ होता, तेवढ्यात मागे बसलेल्या एका माउलीने हात वर केला. हातात एक चपटी ट्यूब होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीने दिवाळीत आणून दिलेली, टाचेच्या भेगांना लावायची. तिच्या शाळकरी नातवाने ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली, त्यात एकच शब्द घरच्या ओळखीचा निघाला. तिने सरळ विचारले, "भाऊ, ह्या ट्यूबातला युरिया अन् आपल्या पोत्यातला युरिया एकच आहे का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. उत्तर मात्र कुणालाच देता आले नाही. तीस-तीस वर्षे युरिया फेकणारे आम्ही, भर बैठकीत गप्प बसलो.

बैठक उठल्यावर तिने प्रश्न का विचारला ते कळले. तिच्या शेजारणीने ट्यूबवरचा तो शब्द ऐकला, आणि घरातल्या उघड्या पोत्यातला मूठभर युरिया कुटून, खोबरेल तेलात कालवून, भेगांत भरला. वर फडके बांधून झोपली. रात्रभर आग झाली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, पू झाला, आणि ऐन वेचणीत पंधरा दिवस ती बाई घरी बसली. तिच्या वाट्याचा कापूस बोंडात लोंबत राहिला. तेव्हा हसण्याचे कारण उरले नाही. आम्ही डॉक्टरांना विचारले, खताच्या जाणकारांना विचारले, थोडे वाचले. जे समजले ते आणि त्यावरून आम्हाला जे वाटते ते इथे मांडत आहोत.

आधी माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. पदार्थ एकच आहे, माल एक नाही.

युरिया हा मुळात कारखान्याचा शोध नव्हे. माणसाच्या आणि जनावराच्या लघवीत तो असतो. १७७३ साली फ्रान्समधल्या रुएल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो लघवीतून वेगळा काढला. १८२८ साली जर्मनीतल्या व्योलरने तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि जिवंत देहातली वस्तू देहाबाहेर बनत नाही ही विद्वानांची समजूत डळमळली. आपल्याकडे फ्रान्स-जर्मनीची वाट कुणी पाहिली नव्हती. कद्रू माणसाला 'कापल्या करंगळीवरही मुतणार नाही' असे म्हणतात, त्या म्हणीत एक जुना उपचारच दडलेला आहे. (तो उपचार आज कुणी करू नये. लघवीत युरिया असतो दोनेक टक्के, बाकी बहुतेक पाणीच, आणि जखमेला ते स्वच्छ राहीलच असे नाही.)

दुसरी गोष्ट आम्हाला नवी होती. युरिया आपल्या कातडीतही असतो. कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, आणि त्याला लवचीक राहायला पाणी लागते. ते पाणी धरून ठेवायला निसर्गाने त्या थरात काही पदार्थ पेरून ठेवले आहेत, त्यांतला एक युरिया. पाणी धरणारे असेच दुसरे पदार्थ बाजारात आहेत. थंडीत ओठांना आणि हातांना लावायची ग्लिसरीनची बाटली आपल्या माजघरात पूर्वीपासून असते, तिचेही काम हेच. युरिया पाणी कसे ओढतो हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकायला नको. श्रावणात पोत्याचे तोंड उघडे राहिले तर सकाळी आत ढेकळे झालेली असतात. हवेतला ओलावा त्याने ओढून घेतलेला असतो. पोत्यात जो दुर्गुण, तोच कातडीवर गुण.

टाचच का भेगाळते, हेही विचारून घेतले. तळव्यांना आणि तळहातांना तेलाच्या ग्रंथी नसतात. बाकी अंगाला स्वतःचे थोडे तेल मिळते, टाचेला मिळत नाही. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने, डोक्यावर ओझे घेऊन, कोरड्या काळ्या मातीत दिवसभर उभे राहायचे. काळी माती सुकताना स्वतः भेगाळते, आणि टाचेचाही ओलावा ओढून घेते. कातडी जाड होते, ताठरते, आणि वजन पडले की उलते. पौष-माघात कोणत्याही कोरडवाहू गावात बायांच्या टाचा पाहा, पऱ्हाटीच्या शेतात उभे आहोत की पायाकडे पाहतो आहोत कळणार नाही.

या ठिकाणी युरिया दोन कामे करतो. पाच-दहा टक्के असला की पाणी धरतो. वीस टक्के आणि त्यापुढे गेला की जाड, मेलेली कातडी मऊ करून सोडवतो. चाळीस टक्क्यांचे मलम तर खराब झालेले नख सोडवायलासुद्धा वापरतात. आता आमच्या त्या शेजारणीने काय केले ते लक्षात घ्या. मलमात युरिया दहा टक्के, पाण्यात नीट विरघळलेला आणि स्निग्ध पदार्थात घोटलेला असतो. तिने उघड्या, रक्त दिसणाऱ्या भेगेत अख्खा युरियाच भरला. शिवाय तेलात युरिया विरघळत नाही, म्हणजे खडे तसेच राहिले. पोत्यातल्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो. त्यात बाययुरेट नावाची घाण असते, कायद्याने दीड टक्क्यापर्यंत ती चालते. पिकाला चालणारी शुद्धता जखमेला चालत नाही. म्हणून ठळक सांगतो, घरोघरी सांगा : पोत्यातला युरिया पायाला लावायचा नाही, थोडासुद्धा नाही. ट्यूबातले मलमही खोल, रक्ताळलेल्या भेगेवर झोंबते. आधी भेग भरू द्यावी, मग रोज रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, ओलसर असतानाच लावावे. साखरेचा आजार असलेल्यांनी पायाला कापडाची चिंधी बांधण्याआधी डॉक्टर गाठावा, भेगेतून पाय गमावल्याची उदाहरणे आहेत.

इथपर्यंत झाली आरोग्याची गोष्ट. पण हे पत्रक आरोग्याचे नाही. ती ट्यूब आम्ही हातात धरली, उलटी-सुलटी केली, आणि सवयीने हिशेब करायला बसलो.

आमच्या तालुक्याच्या औषधाच्या दुकानात ५० ग्रॅमची, दहा टक्के युरियाची ट्यूब १६० रुपयांना मिळाली. तिच्यात युरिया ५ ग्रॅम. पोते ४५ किलोचे, २६६ रुपये ५० पैशांचे, म्हणजे किलोला सहा रुपयांहून थोडा कमी. पाच ग्रॅमचे होतात ३ पैसे. एका पोत्यात अशा ९,००० ट्यूबांचा युरिया बसतो, आणि त्या ट्यूबांची दुकानातली किंमत होते १४ लाख ४० हजार रुपये.

लगेच कुणी 'लूट, लूट' म्हणून ओरडू नका. मलमवाला पोत्यातला युरिया वापरत नाही, वापरता येतही नाही. त्याला शुद्ध केलेला, औषधी प्रतीचा युरिया घ्यावा लागतो. तो वीसपट महाग धरला तरी ट्यूबमागे ६० पैसे होतात. बाकी मलमाचा आधार, ट्यूब, खोका, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन, जाहिरातीतली गोरी टाच. यातले काही खर्च खरे, काही फुगवलेले. आम्हाला त्याच्याशी भांडायचे नाही. आपला माल काय भावाने विकायचा हे ठरवण्याचा त्याला हक्क आहे. गिऱ्हाइकाला परवडले तर घेईल, नाही तर दुसऱ्याची ट्यूब घेईल. बाजार म्हणतात तो यालाच, आणि बाजाराशी आमचे कधीच वैर नव्हते.

आमचे दुखणे ट्यूबच्या खोक्यावर छापलेल्या त्या तीन शब्दांत आहे : 'कमाल किरकोळ किंमत'. ती मलमवाल्याने स्वतः छापली. कापसाच्या गाडीवर अशी किंमत छापून शेतकरी बाजारात जाऊ शकतो काय? २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये क्विंटल आणि संकरित ज्वारीची ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर केली. त्या भावाने धरले तरी एका ट्यूबला दोन किलो कापूस द्यावा लागतो, नाही तर सव्वाचार किलोच्या वर ज्वारी. आणि त्या भावाने धरायचे तरी कसे? याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. सुरुवातीला ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे आमचा कापूस घरात येण्याचे, आणि गरजू माणसाने तो विकण्याचे नेमके महिने. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. मलमाच्या कारखान्याला दिवाळीत मलम स्वस्त करा असे कुणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

ओलाव्याचाही एक विनोद इथेच सांगून टाकतो. ट्यूबचा सगळा धंदा ओलावा धरून ठेवण्यावर चालतो, आणि जितका जास्त धरेल तितकी ती महाग. आमच्या कापसाने मात्र आठ टक्क्यांच्या वर ओलावा धरला की आधारभूत खरेदीत भाव कापतात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. दवाच्या सकाळी ज्या बाईने तो वेचला तिच्या टाचेत मात्र ओलावा उरलेला नसतो.

आता पोत्याकडे वळू. कारण या पोत्यापायी शेतकऱ्याची जी बदनामी होते तेवढी दुसऱ्या कशापायी होत नाही.

शहरातला शिकलेला माणूस मानतो की शेतकरी फुकटा आहे. पुरावा काय, तर युरिया. सरकार सांगते, पोत्याची खरी किंमत दोन हजारांच्या वर आहे, शेतकऱ्याला ती २६६ रुपये ५० पैशांना पडते, वरचे सगळे सरकार भरते. भरते खरे. पण कुणाच्या खात्यात? ही व्यवस्था १९७७ साली सुरू झाली ती कारखान्यांचा उत्पादन खर्च आणि त्यावर नफा भरून देण्यासाठी. २००३ पासून तिचे नाव आणि नियम बदलले. पुढे २०१८ पर्यंत देशभर दुकानात अंगठ्याचे यंत्र आले, आणि त्याला 'थेट लाभ हस्तांतर' असे गोड नाव दिले. गॅसच्या सिलिंडरची सब्सिडी गिऱ्हाइकाच्या खात्यात जाते. खताची सब्सिडी, आम्ही अंगठा लावल्यावर, जाते कंपनीच्या खात्यात. अंगठा आमचा, नाव आमचे, पैसा तिसऱ्याचा. आणि तो अंगठाही लागत नाही! वेचणी-निंदणीने बोटांच्या रेषा झिजलेल्या, थंडीने कातडी तडकलेली. यंत्र म्हणते ओळख पटत नाही. दुकानदार म्हणतो, बोट ओले करून पुन्हा लावा. युरिया मिळण्यासाठी आधी युरियाचे मलम चोळून जावे लागेल, अशी वेळ आली आहे.

२०१५ साली सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा केला. कारणे दोन सांगितली. नत्र सावकाश सुटते, हे एक. ते आम्हाला मान्य आहे, निंबोळीचा गुण आम्हाला दिल्लीने शिकवायला नको. दुसरे कारण, शेतीचा युरिया कारखान्यांकडे पळतो तो थांबवण्यासाठी. पळत होता हेही खरे. प्लायवूडच्या सरसात, रंगांत, पशुखाद्यात आणि दुधाच्या भेसळीतसुद्धा तो जात होता. पण पळवला कुणी? शेतकऱ्याच्या घरातून फार तर दोन पोती शेजाऱ्याकडे जातील. मालट्रक भरून युरिया पळवायला गोदाम लागते, बिलबुके लागतात, तपासनीसाशी ओळख लागते. यातले शेतकऱ्याकडे काहीच नाही. तरी पहारा बसला तो त्याच्यावर. एकाच मालाचे दोन भाव ठेवले, एक सहा रुपयांचा आणि एक त्याच्या कितीतरी पट, की तो माल खालून वर वाहणारच. निंबोळी तेल लावून तो थांबत नाही. २०१८ साली पोते ५० चे ४५ किलोचे केले, कारण शेतकरी म्हणे पोत्याच्या हिशेबाने टाकतो, पोते लहान झाले की आपोआप कमी टाकेल. आपल्या अकलेबद्दल दिल्लीचे मत यावरून समजावे. २०२३ मध्ये गंधकाचा थर दिलेला युरिया आला, तो त्याच किमतीला ४० किलो.

यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? सब्सिडी पोत्यामागे आहे, एकरामागे नाही. ज्याच्याकडे पाणी तो जास्त पोती टाकतो, त्याच्या नावावर जास्त सब्सिडी लागते. ऊसवाल्याशी आमचे भांडण नाही, तोही याच व्यवस्थेत भरडला जातो. पण पऱ्हाटीला पाऊस आला तर युरिया द्यायचा, नाही आला तर पोते घरात तसेच, अशी ज्याची शेती, त्याच्या वाट्याला सब्सिडी सगळ्यांत थोडी आणि फुकटेपणाचा शिक्का मात्र पुरता. आणि पाऊस आला त्या आठवड्यात दुकानात युरिया नसतो. २०२५ च्या खरिपातली टंचाई सगळ्यांनी भोगली आहे. असला तर त्याच्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात. यादी देत बसत नाही, प्रत्येकाच्या कोठ्यात ती बाटली पडून आहे.

आमचे म्हणणे असे. कंपनीला देता तो पैसा एकराच्या हिशेबाने शेतकऱ्याच्या हातात द्या, आणि पेरणीच्या आधी द्या. मग युरियाचा भाव मोकळा करा. ज्याला युरिया घ्यायचा तो युरिया घेईल, ज्याला शेणखत घ्यायचे तो शेणखत घेईल, ज्याला त्या पैशातून कुंपण घालायचे आहे तो कुंपण घालेल. खत कमी लागेल, कारण सहा रुपये किलोच्या वस्तूला जशी किंमत नसते तसा विचारही नसतो. एका मालाचे दोन भाव राहणार नाहीत, म्हणजे पळवायलाही काही उरणार नाही, आणि अंगठ्याचे यंत्र भंगारात जाईल.

यावर आपल्याच काही मंडळींचा आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. पैसा हातात येण्याचे वचन राहील कागदावर, आणि पोते मात्र दुसऱ्या दिवशी दोन हजारांचे होईल. सरकारचा आजवरचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. दोन हंगाम पैसा आधी हातात, भाव नंतर मोकळा. आणि त्यासोबत आमच्या मालावरचीही बंधने उठली पाहिजेत. कापूस वर चढला की निर्यात बंद करायची, मार्च २०१२ मध्ये केली तशी, आणि खाली आला की आयात मोकळी ठेवायची, हे चालू ठेवून फक्त खताचा बाजार खुला करायचा असेल, तर तो खुला बाजार नव्हे. त्याला आमचा विरोध राहील. या मुद्द्यावर जिल्हा बैठकीत मोकळी चर्चा व्हावी. आमचे मत आम्ही लिहिले, पण हात वर केला म्हणून ठराव झाला असे होऊ नये.

राहिला टाचेचा प्रश्न, आणि तो लहान समजू नका. दहा टक्के युरियाचे मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत आहे. म्हणजे ते नटण्या-मुरडण्याचे सामान नाही, औषध आहे. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिला हजारोंनी जमल्या, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. कापूस वेचणाऱ्या बाईचे कष्ट आपल्या भाषणांत तेव्हापासून येतात, तिच्या पायांवर मात्र आपल्या एकाही ठरावात ओळ नाही. यात चूक सरकारची नंतर, आधी आपली.

तेव्हा या जिल्हा बैठकीत दोन ठराव वेगवेगळे मांडावेत अशी आमची सूचना आहे. पहिला सब्सिडीचा, वर लिहिला तसा. दुसरा असा : कापूस पट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत युरियाचे मलम ठेवावे, आणि गावच्या आशाताईंकडे ते कसे लावायचे याची माहिती असावी. खर्चाचे रडगाणे कुणी गायले तर ३ पैशांचा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

ती माउली बैठकीला येणार आहे. तिची ट्यूब संपली. रिकामी ट्यूब आणि तिचे खोके फेकू नका, असे आम्ही तिला सांगून ठेवले आहे. ते ठरावाला जोडायचे आहे. तिच्या शेजारणीचा पाय बरा होत आला आहे, पण अजून जमिनीवर पुरता टेकत नाही. तिला आणायला बैलगाडी नको, जीप पाहिजे. ज्याच्याकडे जीप असेल त्याने तालुका अध्यक्षांना आधी कळवावे.